दिवेआगरहून फीड नाही

सोमवार, १७ नोव्हेंबर १९९७. दिवेआगरातल्या एका पोफळीच्या वाडीत तुम्ही उभे आहात. झाडांमधून ऊन तुकड्यातुकड्यांनी खाली उतरतंय. दांडाच्या कडेची माती नुकतीच उकरलेली आहे आणि बघ्यांच्या पायांनी तिचा राडा झालाय. खणताना तांब्याची पेटी लागली. पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा, सोबत दागिने. मुखवट्याचं वजन एक किलो तीनशे ग्रॅमच्या आसपास भरणार आहे, पण या घटकेला तो आकडा कुणालाच ठाऊक नाही. कुणी हात जोडतंय, कुणी पोलीसपाटलांना बोलवायला धावलंय, आणि तुमच्या खांद्याला खांदा घासून एक माणूस पुढे सरकतोय. शर्टाच्या खिशात दोन पेनं, गळ्यात कॅमेरा. हा इथला वार्ताहर.

त्याला नाव देत नाही. तो कुणी एक माणूस नव्हे. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत बातम्या गोळा करण्यात उमर घालवलेल्या पुष्कळांचा मिळून तो झालाय. दुकान सांभाळून, शाळा सांभाळून किंवा वाडी शिंपून उरलेल्या वेळात बातमीदारी करणारा. आज त्याच्या मागे मागे राहा. पुढेही तोच भेटेल, दर वेळी थोडा पिकलेला.

कॅमेऱ्यात छत्तीसचा रोल आहे आणि त्यातले बरेच फोटो परवाच्या एका सत्कारात खर्ची पडलेत. म्हणून तो बटण दाबायची घाई करत नाही. पेटीचा एक, मुखवट्याचा समोरून एक, बाजूने एक, वाडीचा एक. मग वही काढतो. कुणाची जागा, किती हात खोल, पेटीला कडी होती का, आधी कुणी पाहिलं. उत्तरं देणारे पाच जण पाच तऱ्हा सांगतात, तो सगळ्या लिहून घेतो आणि खाडाखोड करतो. दुपारी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून तुम्ही श्रीवर्धनला येता. रोल आणि फोटोंची माहिती लिहिलेला कागद पाकिटात घालून तो मुंबईच्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हातात देतो. ड्रायव्हर पाकीट आपल्या सीटमागे खोचतो. त्याला हे रोजचंच आहे. मजकूर जातो फॅक्सने. एसटीडी बूथमधलं मशीन कागद हळूहळू गिळतं आणि वार्ताहर मीटरकडे बघत राहतो, कारण पैसे आधी त्याच्या खिशातून जाणार.

आता त्या फॅक्सबरोबर तुम्हीही मुंबईत या. जिल्ह्याच्या डेस्कवर एक उपसंपादक गुळगुळीत कागद फाडून घेतो, वाचतो, आणि फोन उचलतो. बूथवाल्याला सांगून वार्ताहराला बोलावून घेतो.

"अहो, पेटी तांब्याची म्हणताय. स्वतः पाहिलीत की ऐकून लिहिलंय?"

"पाहिली. हातही लावला."

"वजनाचं काय? सोन्याचं कुणी वजन केलंय का? तहसीलदार आले होते?"

"वजन अजून व्हायचंय."

"मग वजन लिहू नका. आणि मुखवटा किती जुना ते कोण सांगतंय? गावकरीच ना? मग 'असे गावकऱ्यांचे म्हणणे आहे' असं घ्या."

मजकूर डीटीपी ऑपरेटरकडे जातो. तो टाइप करतो, प्रिंट काढतो. मुद्रितशोधक लाल पेनाने 'दिवेआगार'चं 'दिवेआगर' करतो आणि श्रीवर्धन तालुक्याच्या जागी पडलेलं म्हसळा खोडतो. पान लावणारा कात्री आणि गोंद घेऊन जागेचा हिशेब मांडतो, मग निगेटिव्ह, मग प्लेट, मग छपाई. रात्री पेण-माणगावकडे जाणाऱ्या गाडीत गठ्ठे पडतात. फोटो एक दिवस उशिरा येतो, कारण एसटी उशिरा पोचली.

या रांगेतल्या माणसांकडे नीट बघून घ्या. त्यांच्यापैकी कुणीही दिवेआगर पाहिलेलं नाही, आणि तरी प्रत्येकाने त्या बातमीला एकेक प्रश्न विचारलाय. ही व्यवस्था मला गोंडस करून सांगायची नाही. हिच्यात दिवेआगरची आठवण वर्षा-दोन वर्षांनी कधीतरी व्हायची, तीही आतल्या पानावर. मासळीचा भाव कोसळला, एखाद्या वाडीत रोग पडला, तर मुंबईला पत्ताही लागत नसे. पण आली ती बातमी अनेक हातांतून गाळून यायची. शिवाय प्रत्येक माध्यमाचा माणूस वेगळा, यंत्र वेगळं, वाट वेगळी. आकाशवाणीची बातमी आकाशवाणीचा माणूस देणार, दूरदर्शनचा कॅमेरा दूरदर्शनचं पथक घेऊन येणार, पेपर एसटीने आणि टेम्पोने येणार. खासगी मराठी वृत्तवाहिनी तर अजून एकही नाही; झी २४ तास आणि स्टार माझा यायला दहा वर्षं आहेत. इथिएल द सोला पूल या अमेरिकी अभ्यासकाने १९८३ सालीच 'टेक्नॉलॉजीज ऑफ फ्रीडम' या पुस्तकात म्हटलं होतं, की एक सेवा आणि तिचं एक साधन ही जोडी आता सुटत चालली आहे. एकाच तारेतून सगळं वाहील. श्रीवर्धनच्या बूथवर ते अजून पोचलेलं नाही.

क्षणभर आणखी खाली उतरू. याच गावात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक, दिवेआगरचा ताम्रपट, तयार होतोय. शिलाहारांचा काळ आहे. अशा पत्र्यामागे साधारणपणे मजकूर ठरवणारे वेगळे, तो सुवाच्य लिहून देणारा वेगळा आणि छिन्नीने कोरणारा वेगळा. तांब्यात चुकलेलं अक्षर सहजी पुसता येत नाही, म्हणून कोरण्याआधी बघून घ्यावं लागतं. एवढं डोळ्यांखालून घाला आणि वर या. साडेनऊशे वर्षांत यंत्रं बदलली, पण एकाने लिहिलेलं दुसऱ्याने तपासायचं ही रीत त्या वाडीतल्या बातमीपर्यंत टिकून होती.

शनिवार, २४ मार्च २०१२. काल पाडवा होता. घराघरांवरच्या गुढ्या संध्याकाळी उतरल्या आणि रात्री सुवर्ण गणेश मंदिरावर दरोडा पडला. मुखवटा गेला. राखणीला असलेले दोघे मारले गेले. सकाळच्या उन्हात तुम्ही मंदिरापासून थोडे लांब, पोलिसांच्या दोरीबाहेर उभे आहात. बायका तोंडाला पदर लावून उभ्या आहेत. ज्या गणपतीमुळे पंधरा वर्षांत गावात घरगुती जेवणाच्या आणि राहण्याच्या पाट्या लागल्या, तो देव्हाऱ्यात नाही, आणि गावातल्या दोन घरांत त्याहून मोठं दुःख आहे.

वार्ताहर पहाटेपासून इथे आहे. केस पांढरे व्हायला लागलेत. त्याच्याकडे आता एक हँडीकॅम आहे, मोबाइल आहे, आणि पेपरबरोबर एका वाहिनीचंही काम आहे. वाहिनीचं मानधन बातमीगणिक. मोबाइल कानापासून सुटत नाही. एक फोनो, म्हणजे फोनवरूनच थेट दिलेली बातमी, संपला की दुसरा. मुंबईहून थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅन निघाल्यात. त्यांना यायला चार-पाच तास लागतील, तोवर पडद्यावर त्याचा आवाज आणि त्याचा जुना पासपोर्ट फोटो. तुम्ही त्याच्या फोनजवळ कान न्या.

"व्हिज्युअल निघाले का?"

"श्रीवर्धनला जाऊन टाकावे लागतील. इथून जात नाहीत."

"मग निघा ना! दुसऱ्या चॅनलवर दिसायला लागलं."

"इथे पोलीस आत्ता माहिती देणार आहेत—"

"ती नंतर घेऊ. आधी व्हिज्युअल."

तो निघतो. पोलिसांची माहिती चुकते, ती त्याला नंतर दुसऱ्या वार्ताहराकडून घ्यावी लागते. सायबर कॅफेत एफटीपीवर फाइल चढताना हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकते. दुपारी व्हॅन येतात. छपरावरच्या छत्र्या उघडतात, बूम माइक हातात घेऊन मुंबईचे रिपोर्टर उभे राहतात आणि ज्याने पहाटेपासून राबून माहिती जमवली तो कॅमेऱ्यामागे उभा राहून त्यांना नावं सांगत बसतो. रिपोर्टर वाईट वागत नाहीत. त्यांनाही दर तासाला उभं राहायचंय. दरोडेखोर किती होते हे अजून कुणालाच ठाऊक नाही, तरी अँकर ते दर तासाला विचारतोच. पेपरमध्ये हे सगळं रविवारी येईल, थोडं शांतपणे, थोडं तपासून.

मधल्या पंधरा वर्षांत काय झालं? पेपरच्या घरात वाहिनी आली. २००८ साली लोकमतने नेटवर्क१८ बरोबर आयबीएन लोकमत काढली, त्याच साली सकाळचं साम सुरू झालं. आधीपासून असलेल्या वाहिन्या होत्याच. संगणक, फोन, कॅमेरा, छपाई यांची भाषा एकच झाली, सगळं अंकांत, तेव्हा एका मजल्यावर बसून सगळ्यांसाठी बातमी शिजवता येईल असा हिशेब जगभर मांडला गेला. अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅम्पा गावी २००० सालच्या मार्चमध्ये एका कंपनीने चार कोटी डॉलर खर्चून इमारत उठवली आणि टॅम्पा ट्रिब्यून हा पेपर, डब्ल्यूएफएलए ही वाहिनी आणि त्यांची वेबसाइट एका छताखाली आणली. बघायला देशोदेशीचे संपादक गेले. पुढे मालकाने पेपर विकला, आणि २०१६ च्या मे महिन्यात टॅम्पा बे टाइम्स या प्रतिस्पर्ध्याने तो घेऊन बंद केला. इमारत एक झाल्याने पेपर वाचला नाही.

आपल्याकडे मात्र एकत्रीकरण मजल्यावर घडण्याआधीच तालुक्यात घडलं, आणि याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. मुंबईत प्रिंटवाले आणि डिजिटलवाले अजून वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसत होते, तेव्हा श्रीवर्धनचा वार्ताहर लेखक, छायाचित्रकार, कॅमेरामन, निवेदक आणि फीड पाठवणारा असा पाचही जणांचा एक झालेला होता. कार्यालयांतून माणसं कमी झाली तीही अशीच. आधी गोंद-कात्रीवाला गेला, मग निगेटिव्हवाला, मग मुद्रितशोधक. त्यांची कामं सॉफ्टवेअरने घेतली असं म्हणतात. माझ्या मते अर्धीच घेतली. पान लागतं, पण म्हसळ्याचं श्रीवर्धन करणारा डोळा सॉफ्टवेअरबरोबर आला नाही. ते उरलेलं अर्धं काम गुपचूप तालुक्याच्या माणसाकडे सरकलं, आणि त्याचं मानधन होतं तिथेच राहिलं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि सायबर कॅफेची फेरीही संपली. संपूर्ण संस्थाच त्याच्या शर्टाच्या खिशात आली, दोन पेनांच्या जागी.

बुधवार, ३ जून २०२०. तुमच्या तोंडावर मास्क आहे आणि तो पावसाने ओला होऊन नाकाला चिकटलाय. दिवेआगरच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं एकाच बाजूला वाकलीत. करोनामुळे पेपर आधीच पातळ झालेत. एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघरी पेपर टाकण्यावर बंदी घातली होती, त्यानंतर गावातल्या पुष्कळांची पेपरची सवय मोडली आणि अंक पीडीएफ होऊन फोनवर फिरू लागला. चक्रीवादळाचं नाव निसर्ग. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडणार आहे, ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने, झोत १३० पर्यंत. सकाळपासून वार्ताहराच्या फोनवर संदेशांचा मारा चाललाय.

तो पडवीत उभा राहून चित्रण करतोय. आधी फोन आडवा धरून टीव्हीसाठी. मग उभा धरून, मोबाइलवर बघणाऱ्यांसाठी. मग पेपरसाठी फोटो. हा फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की बारीक होतो, छापायला चालत नाही, म्हणून डॉक्युमेंट करून पाठवायचा. मग बूम हातात धरून स्वतःचं बोलणं, कॅमेरा म्हणजे पुतण्या. मग चार ओळी मजकूर वेबसाइटसाठी, त्या टाइप करायला वेळ नाही म्हणून फोनमध्ये बोलून. फोन 'रोठा सुपारी'चं 'मोठा सुपारी' करतो. तो ते दुरुस्त करतो, कारण दुसरं कुणी करणार नाही.

बारा वाजून गेल्यावर पहिल्यांदा वीज जाते. मग पोफळी मोडायला लागतात. हा आवाज एकदा ऐकाच. पोफळ ताण सहन होईतो उभी राहते आणि मग मधोमध कडकन तुटते. एक, मग दोन, मग मोजता येत नाहीत इतक्या. माड मुळासकट आडवे होतात. कौलं उडून अंगणात फुटतात, पत्रे रस्त्यावरून सरपटत जातात. वार्ताहर चित्रण करतोच आहे. पाठवायला बोट लावतो आणि वर्तुळ फिरत राहतं. फोनच्या कोपऱ्यातल्या काड्या गेल्या. दुसरं सिम, त्याच्याही गेल्या. टॉवरला वीज नाही.

आता आठवून बघा काय काय बंद पडलं. पेपर, वाहिनी, वेबसाइट, पीडीएफ, नातेवाइकांचा फोन, तहसीलदारांचा ग्रुप. १९९७ मध्ये एसटी अडली तर फॅक्स होता, फॅक्स अडला तर तार होती, ती अडली तर रेडिओवर निदान ऐकू तरी येत असे. तार २०१३ च्या जुलैत बंद झाली. फॅक्स कुणाकडे नाही. बूथच्या जागी मोबाइल रिचार्जचं दुकान, तेही अंधारात. सगळ्या वाटा एका टॉवरवर आणून बांधल्या आणि तो टॉवर थांबला. शेजारच्या घरात एका आजींनी जुना ट्रान्झिस्टर काढलाय, सेल घालून त्या खरखरीतून मुंबई केंद्र शोधताहेत, आणि सबंध आळी त्यांच्या पडवीत गोळा झालीये.

तेवढ्यात तुम्ही झटकन मुंबईत या, त्याच तासाला, वृत्तवाहिनीच्या नियंत्रणकक्षात. भिंतीवर चौकटीच चौकटी. वरळी दिसतेय, मरीन ड्राइव्ह दिसतंय, जुहूचा किनारा दिसतोय. लाटा मोठ्या आहेत, पण शहर सुखरूप आहे. संध्याकाळपर्यंत पडद्यावर सुटकेचा सूर लागतो: मुंबईवरचं संकट टळलं. श्रीवर्धनची चौकट काळी आहे. कुणी मुद्दाम काळी ठेवलेली नाही. तिथून फीड येत नाही, आणि या खोलीची रचनाच अशी झालीये की जे फीडमध्ये येतं तेच घडलेलं असतं.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त लागलेली गोष्ट ती हीच. गोंद-कात्रीच्या जमान्यातही दिवेआगर दुर्लक्षित होतं, पण तेव्हा डेस्कवरच्या माणसाला आपल्याला काही कळलेलं नाही हे कळत असे. बातमी आली नाही, म्हणजे पाकीट अडलं असणार, फोन करून बघू, असं त्याच्या हाताला वळण होतं. भरलेल्या पडद्यासमोर बसलेल्याला ती पोकळी जाणवत नाही. काळ्या चौकटीच्या जागी दुसऱ्याच मिनिटाला दुसरं चित्र लागतं. जिथे सर्वांत जास्त मोडतोड झाली तिथला आवाज सर्वांत आधी बंद होतो. चक्रीवादळात हे दर वेळी होणार.

वार्ताहर दुसऱ्या दिवशी उजाडता निघतो. मागे पुतण्या, त्याच्या मांडीवर कोयता. बोर्लीपर्यंतचे चार-पाच किलोमीटरच दीड तास खातात. आडव्या झाडाखालून गाडी आडवी करून ओढायची, वरून उचलायची, फांद्या तोडायच्या. म्हसळ्याला रेंज नाही. घाटातल्या एका वळणावर दोन काड्या येतात आणि जातात. माणगावच्या अलीकडे फोन एकदम थरथरायला लागतो आणि थांबतच नाही. रात्रभराचे शेकडो संदेश एका दमात उतरतात. त्यातले बहुतेक एकच विचारतात: व्हिज्युअल? एकाने विचारलंय: घरचे ठीक आहेत ना? तो रस्त्याकडेला गाडी लावतो आणि आधी त्याला उत्तर देतो. मग पाठवायला सुरुवात. आडवा, उभा, डॉक्युमेंट करून. बॅटरी सतरा टक्के.

५ जूनला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे अलिबागला येतात, जिल्ह्यासाठी शंभर कोटींची तातडीची मदत जाहीर करतात. कॅमेरे तिथवर पोचतात. दिवेआगर तिथून अजून बरंच दक्षिणेला. तिथे वीज नाही आणि पुढे कितीतरी दिवस येणार नाही. खरी बातमी त्या दिवसांत आहे आणि ती चित्रात मावणारी नाही. फळबागांच्या भरपाईचा दर हेक्टरी अठरा हजारांवरून पन्नास हजार झाला, पण इथल्या वाड्या गुंठ्यांत मोजायच्या, आणि त्या गुंठ्यांत पोफळी दाट, मध्ये माड, खाली जायफळ-मिरी. भरपाई हेक्टरवर द्यायची की झाडागणिक, या एका प्रश्नावर घराचं पुढचं दशक अवलंबून आहे, कारण नवी पोफळ धरायला वर्षानुवर्षं जातात. ही बातमी करायला पंचनाम्याचे कागद वाचावे लागतात, तलाठ्याकडे चारदा जावं लागतं, दोन वाड्यांचा हिशेब शेजारी मांडावा लागतो. वार्ताहराला ते येतं. त्याला वेळ नाही, कारण दिवसाला पाच ठिकाणी पाच तऱ्हेने माल पुरवायचाय.

मंगळवार, २३ नोव्हेंबर २०२१. अंगारकी. उपमुख्यमंत्री अजित पवारांच्या हस्ते मुखवट्याची पुन्हा प्रतिष्ठापना होतेय. चोरीचं सोनं वितळवलेल्या रूपात सापडलं होतं, त्यानंतर हा दिवस. तुमच्यासमोर शेकडो हात वर आहेत आणि प्रत्येक हातात फोन. सबंध गाव लाइव्ह करतंय, आणि चांगलं करतंय; नालासोपाऱ्याला राहणारी लेक तिच्या आईच्या फोनमधून आरती बघतेय. पूर्वी पडद्यावर जागा मिळण्यासाठी दिवेआगरला दरोडा पडावा लागत होता. आज त्याला कुणाची परवानगी लागत नाही. ही या बदलाची मोठी देणगी आहे आणि ती कुणी काढून घेऊ नये. वार्ताहर गर्दीच्या कडेला आहे. फोटो तर सगळेच काढताहेत. तो मंदिराच्या विश्वस्तांना बाजूला घेऊन विचारतोय, यंदा राखणीला किती माणसं, कॅमेरे किती, रात्री गस्त कुणाची. गर्दीत हा प्रश्न विचारणारा मला तो एकटाच दिसतो.

आता अलीकडच्या दिवसांत या. किनाऱ्याने उत्तरेला गेलात की राजपुरी खाडीच्या तोंडाशी दिघी बंदर. २०२१ च्या फेब्रुवारीत ते अदानी समूहाने घेतलं. २०२२ च्या डिसेंबरात एनडीटीव्हीचा ताबा याच समूहाकडे गेला आणि १ मे २०२४ ला एनडीटीव्ही मराठी सुरू झाली. दुसरीकडे नेटवर्क१८ २०१४ सालीच रिलायन्सकडे आलं होतं. वार्ताहराच्या फोनमधलं एक सिम रिलायन्सचं, त्यावर उतरणाऱ्या मालिका आणि क्रिकेट २०२४ च्या नोव्हेंबरात झालेल्या जिओस्टारचे, बातमीची एक मराठी वाहिनीही त्याच घरातली. यंत्रं एकत्र आली, मग कामं, मग मालक. यातल्या कुणी बातमी दाबली असा आरोप मी करत नाही. पण बंदराच्या गाळाने कोळ्यांच्या जाळ्यांवर काय होतं हे उद्या तपासायचं झालं, तर बातमीदार, ती दाखवणारा आणि जिच्याबद्दल ती आहे ती कंपनी यांच्यामध्ये पूर्वी जे अंतर होतं ते आता मोजून घ्यावं लागेल. ते अंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने तयार होत नाही. ते संपादकाने राखायचं असतं, आणि तालुक्याच्या माणसाला महिन्याकाठी ठरलेला पगार असेल तरच त्यालाही ते राखता येतं.

एक शेवटचा मुक्काम, आणि या वेळी तारीख तुमच्या हातात आहे. पुढचं चक्रीवादळ. मुंबईतल्या त्याच कक्षात असाइनमेंटच्या खुर्चीवर तुम्हीच बसलाय. समोर पूर्वीपेक्षा जास्त चौकटी. मजकूर आपोआप लिहिला जातोय, मथळे सुचवले जाताहेत, एका बटणावर पेपरचं पान आणि उभा व्हिडिओ दोन्ही निघतात. दुपारचे एक वाजलेत. श्रीवर्धनची चौकट पंचवीस मिनिटं काळी आहे.

"तिकडचं काय?" तुम्ही विचारता.

"फीड नाही," शेजारचा मुलगा म्हणतो. "जुहूचं लावू? मस्त लाटा आहेत."

फोन लावून बघा, लागणार नाही. दुसऱ्या सिमवर लावा; तेही नाही. आता माणगावला काल रात्रीच पाठवून ठेवलेल्या गाडीला निघायला सांगा, त्यात दोन माणसं, करवत, बॅटऱ्या आणि सॅटेलाइट फोन आहे ना, विचारून घ्या. जिल्ह्याच्या नियंत्रणकक्षाला विचारा श्रीवर्धनशी त्यांचा शेवटचा संपर्क किती वाजता झाला. मग जुहूच्या लाटा खाली घ्या आणि पहिली बातमी स्वतःच्या हाताने टाइप करा: श्रीवर्धन तालुक्याशी बारा पस्तीसपासून संपर्क तुटला, दिवेआगर, बोर्ली, भरडखोल, शेखाडी येथील स्थिती अद्याप कळलेली नाही. शेजारचा मुलगा म्हणेल, याला व्हिज्युअल काय लावायचं? नकाशा लावायला सांगा, आणि गाडी पोचेपर्यंत काढू नका.